स्टँडबाय सुपरवायझरवरच्या फायली: कॅटॅलिस्ट ४५०० वर कॉपी, पडताळणी, सफाई आणि बूटचा क्रम

दोन सुपरवायझर (स्विच चालवणारी नियंत्रक मॉड्यूल; ॲक्टिव्ह म्हणजे काम करणारं, स्टँडबाय म्हणजे राखीव) असलेल्या स्विचवर बहुतेक फसगत एकाच समजुतीतून होते: ॲक्टिव्हवर नवी इमेज (स्विचच्या सॉफ्टवेअरची फाईल) टाकली, राइट मेमरी (कॉन्फिगरेशन सेव्ह) केलं, आता बाकीचं आपोआप सिंक होईल. सिंक होतं ते कॉन्फिगरेशन, बूट व्हेरिएबल (कुठल्या इमेजवर उठायचं त्याची नोंद) आणि कॉन्फिग रजिस्टर (कसं उठायचं ते ठरवणारा आकडा). इमेजची फाईल होत नाही. ती हातानेच कॉपी करावी लागते. स्टँडबाय मॉड्यूलची फ्लॅश (फायली कायम ठेवायची मेमरी) वेगळी आणि रॉमॉन, म्हणजे इमेजच्या आधी चालणारा छोटा बूट प्रोग्राम, तोही वेगळा. रीलोड झाल्यावर ते इमेज शोधतं ते स्वतःच्या फ्लॅशमध्ये. तिथे ती नसेल, तर एखाद्या जुन्या इमेजवर उठतं किंवा रॉमॉनच्या प्रॉम्प्टवर बसून राहतं. हे लक्षात येतं ते पुढच्या स्विचओव्हरला (स्टँडबायने ॲक्टिव्हची जागा घेताना), म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा.

इथली पद्धत सिस्को कॅटॅलिस्ट ४५०० मालिकेतल्या दोन सुपरवायझरच्या चॅसिससाठी आहे: ४५०७आर, ४५१०आर आणि त्यांच्या ई आवृत्त्या. कॅटॅलिस्ट ६५०० वर क्रम हाच असतो, फाइल सिस्टिमची नावं मात्र वेगळी (स्लेव्हडिस्क०:, स्लेव्हसप-बूटडिस्क: वगैरे). कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, स्विचवर त्या इंग्रजीतच टंकायच्या. स्लेव्हबूटफ्लॅश हा एकच शब्द आहे, मध्ये जागा नाही, आणि शेवटी कोलन (:) हवंच.

## १. बसण्याआधीची तयारी

स्टँडबाय मॉड्यूलचा कन्सोल पोर्ट नेहमीच्या कामाला उपलब्ध नसतो. मॉड्यूल स्टँडबाय अवस्थेत असताना त्यावर लॉगिन करून फायली बघता येत नाहीत. त्याच्या फ्लॅशवरचं सगळं काम ॲक्टिव्हच्या प्रॉम्प्टवरून होतं. तरीही कन्सोल केबल दोन्ही सुपरवायझरना लावून ठेवा. स्विचओव्हरनंतर जिवंत कन्सोल दुसरीकडे जातो. शिवाय स्टँडबाय रॉमॉनमध्ये अडकलं तर काय झालंय ते फक्त त्याच्याच कन्सोलवर दिसतं.

एवढं हाताशी असू द्या:

- नवी इमेज आणि डाउनलोड पानावरचा तिचा एमडी५ आकडा (फाईल जशीच्या तशी आली का ते तपासायला), दोन्ही लॅपटॉपवर.
- एफटीपी किंवा एससीपी सर्व्हर. टीएफटीपीही चालतं, पण मोठ्या इमेजला फार वेळ घेतं आणि मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.
- चालू कॉन्फिगरेशनची आणि चालू इमेजची प्रत, स्विचच्या बाहेर. या मालिकेची विक्री बंद झालेली आहे. जुनी इमेज पुन्हा मिळेल हे गृहीत धरू नका.
- त्याच इमेजची प्रत असलेलं, तुमच्या सुपरवायझरला चालणारं कार्ड किंवा यूएसबी. ते लागू नये, पण ड्रॉवरमध्ये असावं.
- मेंटेनन्सची मंजूर वेळ, आणि त्या वेळी रॅकपाशी एक माणूस. सर्व्हर रूमची किल्ली कुणाकडे आहे हे दुपारीच विचारून ठेवा, रात्री दोनला नाही.

मॅनेजमेंट पोर्टातून फाईल आणणार असाल तर आणखी एक गोष्ट. सुपरवायझर ६-ई आणि त्यापुढच्या मॉड्यूलवर फास्टइथरनेट१ हा पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) असतो. साधा पिंग तिथून जात नाही. `पिंग व्हीआरएफ मॅनेजमेंटव्हीआरएफ` या धर्तीचा पिंग द्यावा लागतो (व्हीआरएफचं नेमकं नाव `शो व्हीआरएफ` मध्ये दिसतं) आणि एफटीपीसाठी आधी `आयपी एफटीपी सोर्स-इंटरफेस फास्टइथरनेट१` ही ओळ लिहावी लागते. सर्व्हर चालू, फायरवॉल उघडी, तरी कॉपी टाइमआउट होते, अशा तक्रारींमागे अनेकदा ही न लिहिलेली ओळ असते.

## २. ॲक्टिव्ह कोण, स्टँडबाय कोण

अंदाजाने चालू नका. खालचा स्लॉट म्हणजे स्टँडबाय असं काही नसतं. सुपरवायझरचे स्लॉटही चॅसिसप्रमाणे बदलतात: ४५०७आर मध्ये १ आणि २, ४५०७आर-ई मध्ये ३ आणि ४, ४५१०आर-ई मध्ये ५ आणि ६.

`शो मॉड्यूल`
`शो रिडंडन्सी स्टेट्स`

पहिल्या कमांडमध्ये स्लॉटनिहाय भूमिका दिसते. दुसरीत दोन ओळी महत्त्वाच्या: माय स्टेट आणि पीअर स्टेट. सगळं ठीक असेल तर माय स्टेट १३ म्हणजे ॲक्टिव्ह, आणि पीअर स्टेट ८ म्हणजे स्टँडबाय हॉट. पीअर स्टेट ४, स्टँडबाय कोल्ड दिसली तर दोन्ही मॉड्यूल एसएसओ मध्ये (स्टँडबाय पूर्ण तयार असलेल्या मोडमध्ये) नाहीत, आरपीआर मध्ये (स्टँडबाय अर्धवटच उठलेल्या मोडमध्ये) आहेत.

इथे थांबा. काम सुरू करण्याआधीच पीअर कोल्ड असेल तर कारण आधी शोधा. नेहमीची कारणं तीन: दोन्हींवर वेगळी इमेज, दोन्हींवर वेगळ्या पातळीचं लायसन्स (सुपरवायझर ७-ई आणि पुढे), किंवा कॉन्फिगरेशनमध्ये मोडच आरपीआर लिहिलेला. इमेज वेगळी असेल तर हा लेख तुमचं काम करेल. बाकीची दोन कारणं इमेज कॉपी करून जाणार नाहीत.

पीअर स्टेटमध्ये डिसेबल्ड दिसत असेल तर स्टँडबाय उठलेलंच नाही. त्याच्या फ्लॅशपर्यंत पोचता येणार नाही. तेव्हा थेट ८ व्या टप्प्याकडे जा.

एक नोंद कागदावर करा: कुठल्या स्लॉटमध्ये आत्ता ॲक्टिव्ह आहे. पुढे लागणार आहे.

## ३. कुठल्या फाइल सिस्टिम दिसतात ते बघा

`शो फाइल सिस्टिम्स`

या यादीत जवळजवळ प्रत्येक नाव जोडीने असतं. बूटफ्लॅश: आणि स्लेव्हबूटफ्लॅश:, स्लॉट०: आणि स्लेव्हस्लॉट०:, एनव्हीरॅम: आणि स्लेव्हएनव्हीरॅम:. शिवाय कॅट४०००_फ्लॅश: असते, व्हीलॅनची व्हीलॅन.डॅट ही फाईल तिथे राहते, बूटफ्लॅशमध्ये नाही. स्लॉट०: म्हणजे पुढून घालायचं कार्ड. कार्ड घातलेलं नसेल तर त्या ओळीत आकार दिसणार नाही, घाबरू नका.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही नावं स्लॉटला चिकटलेली नाहीत, भूमिकेला चिकटलेली आहेत. "माझं घर" हे शब्द बोलणाऱ्यागणिक वेगळ्या घराकडे बोट दाखवतात, तसं बूटफ्लॅश: म्हणजे जो ॲक्टिव्ह आहे त्याची फ्लॅश आणि स्लेव्हबूटफ्लॅश: म्हणजे समोरच्याची. स्विचओव्हर झाला की तीच चिप दुसऱ्या नावाने दिसू लागते. अर्धं काम आधी आणि अर्धं स्विचओव्हरनंतर केलं, तर एकाच मॉड्यूलवर दोनदा कॉपी होते आणि दुसरं तसंच कोरडं राहतं. किंवा त्याहून वाईट, जी इमेज ठेवायची तीच पुसली जाते.

म्हणून डिलीट, स्क्वीझ किंवा फॉरमॅट देण्याआधी प्रत्येक वेळी `शो मॉड्यूल`. दोन सेकंदांचं काम आहे.

## ४. जागा मोजा आणि सफाई करा

`डिर बूटफ्लॅश:`
`डिर स्लेव्हबूटफ्लॅश:`

शेवटच्या ओळीत एकूण आणि मोकळे बाइट दिसतात. नव्या इमेजचा आकार लॅपटॉपवर बाइटमध्येच बघा. एमबीत बघितला की गोल आकड्यांत गफलत होते. नवी इमेज मावेल आणि जुनीही राहील एवढी जागा दोन्हीकडे हवी. ॲक्टिव्हवर भरपूर जागा आहे म्हणून स्टँडबायवर असेलच असं नाही. वर्षानुवर्षांच्या अपग्रेडमध्ये कुणीतरी एकाच बाजूची सफाई केलेली असते.

जागा कमी असेल तर काय पुसायचं? आधी काय पुसायचं नाही ते सांगतो. आत्ता चालू असलेली इमेज पुसायची नाही. ती कुठली ते `शो व्हर्जन` मधल्या सिस्टिम इमेज फाईल या ओळीत दिसतं. स्टँडबाय कुठल्या इमेजवर चाललंय ते `शो रिडंडन्सी` मध्ये पीअरच्या भागात दिसतं. ते वेगळंही असू शकतं, म्हणून दोन्ही बघा. बूटच्या ओळीत नाव असलेली फाईलही पुसायची नाही.

क्रॅशच्या फायली पुसण्याआधी बाहेर उतरवून घ्या. स्टँडबायवर त्या असतील तर ते मॉड्यूल कधीतरी पडून उठलेलं आहे आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्यांच्या तारखा बघा. कालची तारीख असेल तर आजचं अपग्रेड पुढे ढकला, आधी ते प्रकरण मिटवा. उतरवण्यासाठी स्लेव्ह फाइल सिस्टिमवरून थेट एफटीपीवर कॉपी देता येते:

`कॉपी स्लेव्हबूटफ्लॅश:फाईलनाव एफटीपी:`

मग जुन्या इमेज एकेक करून:

`डिलीट स्लेव्हबूटफ्लॅश:फाईलनाव`

स्विच दोनदा विचारतो, एकदा नाव आणि एकदा खात्री. दुसऱ्या वेळी पूर्ण मार्ग दिसतो. तो वाचा. सवयीने एंटर दाबणाऱ्यांसाठीच तो प्रश्न ठेवला आहे. तारांकन टाकून एका फटक्यात सगळं पुसायचा मोह टाळा.

तपासणी: पुन्हा `डिर स्लेव्हबूटफ्लॅश:` द्या. मोकळे बाइट वाढले का? सुपरवायझर ७-ई सारख्या नव्या मॉड्यूलवर लगेच वाढतात. जुन्या मॉड्यूलवर डिलीट म्हणजे नुसती पुसल्याची खूण असते, फाईल जागेवरच पडून राहते. तिथे जागा मोकळी व्हायला

`स्क्वीझ स्लेव्हबूटफ्लॅश:`

द्यावं लागतं. स्क्वीझच्या आधी अनडिलीट शक्य असतं, नंतर नाही. स्क्वीझ चालू असताना मॉड्यूल काढू नका, वीज बंद करू नका. वेळ लागतो, लागू द्या. "जागा नाही" असा संदेश आला म्हणून लोक डिलीट करतात, पुन्हा कॉपी देतात, पुन्हा तोच संदेश येतो आणि फ्लॅश खराब झाली असं ठरवून फॉरमॅट मारतात. फ्लॅशला काही झालेलं नसतं, स्क्वीझ राहिलेलं असतं.

## ५. आधी ॲक्टिव्हवर, मग स्टँडबायवर

एफटीपीवरून थेट स्लेव्हबूटफ्लॅश: वर कॉपी करता येते. तरी मी ती करत नाही. एकदाच बाहेरून आणा, ॲक्टिव्हवर तपासा, आणि तपासलेली प्रत चॅसिसच्या आतून पलीकडे पाठवा. खराब लिंकवरून तीच फाईल दोनदा ओढण्यात काही मिळत नाही.

`कॉपी एफटीपी: बूटफ्लॅश:`
`व्हेरिफाय /एमडी५ बूटफ्लॅश:फाईलनाव`

एमडी५ म्हणजे ३२ अक्षरी आकडा. डोळ्यांनी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून पुढे जाण्याची पद्धत फार आहे. त्याऐवजी कमांडच्या शेवटी अपेक्षित आकडा चिकटवा, स्विच स्वतःच तुलना करून सांगतो. जुळला नाही तर ती फाईल पुसा आणि पुन्हा आणा. एफटीपी क्लायंट ॲस्की मोडमध्ये राहिला, लॅपटॉपवरचं डाउनलोडच अर्धवट होतं, ही नेहमीची कारणं. लॅपटॉपवरच्या फाईलचाही एमडी५ काढून बघितलात तर दोष कुठल्या टप्प्यावर आला ते लगेच कळतं.

जुळला की:

`कॉपी बूटफ्लॅश:फाईलनाव स्लेव्हबूटफ्लॅश:फाईलनाव`
`व्हेरिफाय /एमडी५ स्लेव्हबूटफ्लॅश:फाईलनाव`

दुसरी पडताळणी गाळू नका. आतल्या आत झालेली कॉपी चुकत नाही असं वाटतं, पण दुसऱ्या बाजूची फ्लॅश वेगळी आहे आणि तिचा दोष तिच्यावर लिहिल्याशिवाय कळत नाही.

फाईलचं नाव दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं हवं. टंकायला सोपं म्हणून एकीकडे न्यू.बिन असं नाव देणारे भेटतात. पुढच्या टप्प्यात बूटची ओळ एकच असणार आहे आणि ती दोन्ही मॉड्यूल वाचणार आहेत, त्यामुळे नाव बदललं की एक मॉड्यूल अडलंच.

## ६. बूटच्या ओळी आणि रजिस्टर

आधी आत्ताचं बघा:

`शो बूटव्हार`

यात चार गोष्टी असतात: ॲक्टिव्हचं बूट व्हेरिएबल, ॲक्टिव्हचं कॉन्फिग रजिस्टर, आणि स्टँडबायची तीच दोन. फाईलच्या नावापुढे स्वल्पविराम आणि आकडा दिसतो, तो नावाचा भाग नाही. नाव कॉपी-पेस्ट करताना तो सोबत येऊ देऊ नका.

मग कॉन्फिगरेशन मोडमध्ये:

`नो बूट सिस्टिम फ्लॅश बूटफ्लॅश:जुनीफाईल`
`बूट सिस्टिम फ्लॅश बूटफ्लॅश:नवीफाईल`
`बूट सिस्टिम फ्लॅश बूटफ्लॅश:जुनीफाईल`
`कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२`
`रिडंडन्सी`
`मेन-सीपीयू`
`ऑटो-सिंक स्टँडर्ड`

क्रमाचं कारण असं. बूटच्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि नवी ओळ नेहमी शेवटी जाऊन बसते. जुनी ओळ न काढता नवी लिहिलीत तर स्विच जुन्याच इमेजवर उठेल, आणि तुम्ही अर्धा तास कॉपी चुकली का ते शोधत बसाल. म्हणून आधी जुनी काढायची, नवी लिहायची, मग जुनी पुन्हा खाली जोडायची. नवी उघडली नाही तर मागे एक पर्याय राहतो.

इशारा: बूट सिस्टिमच्या ओळीत स्लेव्हबूटफ्लॅश: कधीच लिहायचं नाही. "स्टँडबायसाठी वेगळी ओळ नको का?" हा प्रश्न हमखास येतो. नको. हीच ओळ स्टँडबायकडे सिंक होते आणि तो ती वाचतो तेव्हा बूटफ्लॅश: चा अर्थ त्याची स्वतःची फ्लॅश असा होतो.

रजिस्टरचा शेवटचा अंक बघा. ० असेल तर मॉड्यूल रॉमॉनवर थांबतं. १ असेल तर बूटच्या ओळींकडे दुर्लक्ष करून फ्लॅशमधली पहिली इमेज उचलतं. २ असेल तर ओळींप्रमाणे चालतं. शेवटी १ असलेल्या स्विचवर ओळी कितीही नीट लिहा, जुनी इमेज फ्लॅशमध्ये आधी बसलेली असेल तर तीच उठणार. पासवर्ड रिकव्हरी करून गेलेल्या कुणीतरी रजिस्टर बदलून तसंच सोडलेलं असणं हेही नवीन नाही.

ऑटो-सिंक स्टँडर्डमध्ये स्टार्टअप कॉन्फिग, बूट व्हेरिएबल आणि रजिस्टर ही तिन्ही येतात. मग:

`राइट मेमरी`
`शो बूटव्हार`

सेव्ह केल्याशिवाय बूट व्हेरिएबल बदलत नाही. आधी शो बूटव्हार बघून "बदललंच नाही" म्हणणाऱ्यांनी सेव्ह केलेलं नसतं.

पुढे जाण्याआधी जुळायला हवं: स्टँडबायच्या बूट व्हेरिएबलमध्ये नवी फाईल पहिली आहे. स्टँडबायचं रजिस्टर ०एक्स२१०२ आहे. त्या नावाची फाईल `डिर स्लेव्हबूटफ्लॅश:` मध्ये दिसते आणि तिचा एमडी५ जुळलेला आहे. यातलं एकही नसेल तर रीलोड देऊ नका.

## ७. स्टँडबाय रीलोड, मग स्विचओव्हर

आधी अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या लिंक) कुठल्या सुपरवायझरवर आहेत ते बघा. ४५०० वर स्टँडबाय सुपरवायझरचे अपलिंक पोर्टही वाहतूक वाहतात. स्टँडबाय म्हणजे रिकामं बसलेलं, असं समजून ते ओढून काढलं की त्यावरच्या लिंकही गेल्या. रीलोडच्या आधी दुसऱ्या सुपरवायझरवरच्या किंवा लाइन कार्डावरच्या मार्गाने वाहतूक जाऊ शकते याची खात्री करा.

`रिडंडन्सी रीलोड पीअर`

फक्त स्टँडबाय रीलोड होतं. साधं `रीलोड` टंकू नका, त्याने ॲक्टिव्हच खाली जाईल. `रिडंडन्सी रीलोड शेल्फ` ने दोन्ही जातात. बोटं जपा.

स्टँडबायच्या कन्सोलवर कुठली फाईल उघडतेय ते दिसेल. ते उठल्यावर `शो रिडंडन्सी` मध्ये पीअरची आवृत्ती नवी दिसायला हवी. स्थिती मात्र स्टँडबाय कोल्ड दिसेल. इथे ते अपेक्षितच आहे: एका बाजूला जुनी इमेज, दुसरीकडे नवी, म्हणून जोडी आरपीआर वर उतरते. हे बघून गोंधळून पुन्हा जुनी इमेज टाकणारे भेटले आहेत. आवृत्ती नवी दिसते ना, मग पुढे चला.

`रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर`

आरपीआर मधला स्विचओव्हर विनाखंड नसतो. नवा ॲक्टिव्ह उरलेलं बूट पूर्ण करेपर्यंत वाहतूक थांबते, तुमचं रिमोट सेशनही तुटतं. मेंटेनन्सची वेळ घेतली ती यासाठी. जुना ॲक्टिव्ह आपोआप रीलोड होतो, त्याच्या फ्लॅशमध्ये नवी इमेज आधीच असते, त्यावर उठतो आणि स्टँडबाय होतो. आता दोन्हींची इमेज एक, म्हणून थोड्या वेळाने पीअर स्टेट ८, स्टँडबाय हॉट यायला हवी.

खंड परवडणारच नसेल तर आयएसएसयू (सेवा चालू ठेवून अपग्रेड) हा वेगळा मार्ग आहे: लोडव्हर्जन, रनव्हर्जन, ॲक्सेप्टव्हर्जन, कमिटव्हर्जन या क्रमाने. त्यासाठी सुरुवातीला एसएसओ हॉट असणं, जुनी आणि नवी इमेज दोन्ही फ्लॅशवर असणं आणि त्या दोन आवृत्त्या एकमेकींशी सुसंगत असणं गरजेचं आहे. सुसंगती रिलीज नोट्समध्ये बघा. लोडव्हर्जनमध्ये स्लॉट क्रमांक द्यावे लागतात, तिथे २ ऱ्या टप्प्यातला कागद कामी येतो. रनव्हर्जननंतर ॲक्सेप्टव्हर्जन द्यायला विसरलात तर ४५ मिनिटांनी (मूळ सेटिंग असेल तर) स्विच स्वतःहून जुन्या इमेजवर परत जातो. चहाला गेलेला माणूस परत येतो आणि अपग्रेड गायब झालेलं असतं.

स्विचओव्हरनंतरची तपासणी: `शो मॉड्यूल`, `शो रिडंडन्सी स्टेट्स`, `शो बूटव्हार`. मॅनेजमेंट पोर्टाची केबल एकाच सुपरवायझरला लावली असेल तर आता तो पोर्ट गप्प होईल, कारण मॅनेजमेंट पोर्ट ॲक्टिव्हचाच चालतो. दोन्हींना केबल हवी.

## ८. बदली आलेलं किंवा न उठणारं मॉड्यूल

बदली आलेल्या सुपरवायझरवर कुठली इमेज असेल ते सांगता येत नाही. तो घालण्याआधी मॉडेल तेच आहे का बघा. वेगळ्या मॉडेलच्या सुपरवायझरची जोडी एसएसओ मध्ये येत नाही. घातल्यावर बहुतेक वेळा तो स्वतःच्या इमेजवर उठतो आणि कोल्ड म्हणून दिसतो. एवढं पुरे आहे. आरपीआर मध्येही स्लेव्हबूटफ्लॅश: दिसते. आता ४, ५ आणि ६ हे टप्पे करा, फक्त फाईल म्हणून ॲक्टिव्हवर चालू असलेली इमेज पलीकडे पाठवा. मग `रिडंडन्सी रीलोड पीअर`. या वेळी तो हॉट व्हायला हवा. नाही झाला तर लायसन्सची पातळी दोन्हीकडे ताडून बघा.

रॉमॉनवर अडकला असेल तर ॲक्टिव्हवरून काही करता येणार नाही. त्याच्या स्वतःच्या कन्सोलवर जा.

`डिर बूटफ्लॅश:`
`बूट बूटफ्लॅश:फाईलनाव`

इथे बूटफ्लॅश: म्हणजे याच मॉड्यूलची. फाईल आहे आणि तरी अडकला होता, म्हणजे बूट व्हेरिएबल किंवा रजिस्टर चुकलं होतं. उठल्यावर ६ वा टप्पा पुन्हा करा. फाईलच नसेल तर ड्रॉवरमधलं कार्ड काढा, त्याच्या पुढच्या खाचेत घाला आणि `बूट स्लॉट०:फाईलनाव`. कार्डावरून उठला की काम झालं असं मानून निघून जाऊ नका. इमेज त्याच्या बूटफ्लॅशमध्ये कॉपी करा, नाहीतर कुणीतरी कार्ड काढून नेईल आणि पुढच्या रीलोडला तो परत रॉमॉनवर.

## ९. जुन्या इमेज आणि फॉरमॅट

जुनी इमेज त्याच रात्री पुसू नका. नव्या आवृत्तीवर आठवडाभराचं काम नीट चाललं, बॅकअप, मल्टिकास्ट, फोन असं सगळं पाहून झालं, की मग. पुसताना बूटची जुनी ओळही काढा, सेव्ह करा आणि लक्षात ठेवा की स्विचओव्हर झालेला आहे: त्या रात्रीची स्लेव्हबूटफ्लॅश: आता बूटफ्लॅश: आहे.

`फॉरमॅट स्लेव्हबूटफ्लॅश:` ही कमांड फक्त तेव्हाच, जेव्हा डिर वाचताच येत नाही किंवा डिलीट आणि स्क्वीझ करूनही लिहिण्यात चूक येत राहते. फॉरमॅट झाल्या क्षणापासून ते मॉड्यूल बिनइमेजचं असतं. चालू असतं कारण इमेज मेमरीत आहे, पण वीज गेली की उठणार नाही. म्हणून फॉरमॅट आणि त्यानंतरची कॉपी यांच्यात खंड पडू देऊ नका: फॉरमॅट, लगेच कॉपी, लगेच एमडी५. फॉरमॅटनंतरही एमडी५ जुळत नसेल तर फ्लॅशच गेली आहे. ते मॉड्यूल बदलायला द्या.